फॉरेनची सिगारेट, टपरीचा हप्ता आणि ‘यात कुणाचं काय जातंय?’

कृष्णाकाठ (सांगली), धागाकर्ता

तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे पैसे खातात म्हणून शिव्या घालणारा माणूस संध्याकाळी टपरीवर उभा राहून चोरून आणलेली परदेशी सिगारेट निर्धास्त ओढतो. विचारलं तर म्हणतो, ‘यात कुणाचं काय जातंय? सरकारचा टॅक्स बुडतोय, बुडू दे. सरकार तरी आपल्यासाठी काय करतंय?’ हे मी विश्रामबागेत ऐकलं, मिरजेत ऐकलं, कराडला एका लग्नाच्या पंगतीत ऐकलं. बोलणारे सगळे शिकलेले, नोकरदार, घरचे सज्जन. त्यामुळेच मला हा विषय लहान वाटत नाही.

आधी माल काय आहे ते बघू. कॉलेजांच्या आसपासच्या काही टपऱ्यांवर सुपारीच्या डब्यामागे चपटी, रंगीत पाकिटं ठेवलेली असतात. एक मी हातात घेऊन नीट पाहिलं. आपल्याकडे १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही बाजूंना ८५ टक्के जागेत कॅन्सरचं चित्र आणि इशारा लागतो. या पाकिटावर तो नव्हता. किंमत छापलेली नव्हती. आयात कुणी केली त्याचं नाव-पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, व्यसन सोडायचं असेल तर फोन करा म्हणून १८००-११-२३५६ हा जो नंबर असतो तोही नाही. कडेला परक्या भाषेतल्या दोन ओळी, बस्स. हे पाकीट कायद्याच्या वाटेनं देशात आलेलं नाही हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. मग बंदर किंवा सरहद्द, गोदाम, ट्रक, नाका, घाऊकवाला असं करत ते आपल्या कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत पोचलं कसं? वाटेत ठिकठिकाणी कुणीतरी बघूनही न बघितल्यासारखं केलं. आणि तसं कुणी फुकट करत नाही.

माझं म्हणणं असं. पाकीट विकत घेताना आपण जो पैसा देतो, त्यातलाच काही भाग हप्ता म्हणून वर जातो. हा हप्ता घेणारा माणूस आणि उद्या आपल्या पोरीच्या पासपोर्टच्या चौकशीला येऊन ‘चहापाण्याचं बघा’ म्हणणारा माणूस वेगवेगळे नसतात. त्याला ती सवय आपणच लावली. तरी लोक तस्करीच्या सिगारेटला भ्रष्टाचार मानायला तयार नाहीत. का नाहीत, याची चर्चा व्हावी. विरुद्ध मत असलं तरी लिहा, पण मनापासून लिहा.

---

मिरज जंक्शन

मुद्दा पटला, पण आपल्या भागात सिगारेट हा धाकटा भाऊ आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे निघाले. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकी सगळा मामला मावा, गुटखा, मशेरी, चुना-तंबाखूचा.

गुटख्याला राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे. मिरजेत तो कुठे मिळत नाही ते सांगा. म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, म्हणजे कर्नाटक. तिथेही २०१३ पासून बंदी आहे. दोन्ही राज्यांत बंदी, तरी दोन्ही राज्यांत माल. अधूनमधून टेम्पो पकडल्याची बातमी येते, फोटो येतो, पुड्यांची रास आणि मागे उभे असलेले साहेब. दुसऱ्या दिवशी टपरीवर फरक एवढाच की पुडीचा भाव वाढलेला असतो. बंदीच्या नावानं जो भाव चढतो तो खिशात कुणाच्या जातो, हे इथे लहान पोरंही सांगतील. आपण मात्र बंदी आल्यापासून तीच पुडी दुप्पट भावानं घेतोय आणि बंदीला हसतोय.

---

पानपट्टी कुपवाड

मी पानपट्टी चालवतो, कुपवाड रोडला. वडलांनी चालू केल्याली. तुमी शिकल्याली माणसं, मी आपलं रोज बघतो ते सांगतो.

कंपनीचा माल एजन्सीच्या गाडीवरनं येतो, बिलावर. त्यात आमाला सुटतंय ते थोडकं. फॉरेनचा माल घिऊन येणारा पोरगा मोटरसायकलवरनं येतो, पाठीला सॅक, बिल न्हाई, नाव न्हाई. त्येच्या एका पाकिटात जेवढं सुटतंय तेवढं कंपनीच्या चार पाकिटांत सुटत न्हाई. मी न्हाई म्हणलं. पलीकडच्यानं घेतलं. आता कॉलेजची पोरं तिकडं जात्यात. सिगारेटबरोबर पाणी, वेफर, च्या समदं तिकडंच घेत्यात. मी प्रामाणिक ऱ्हायलो म्हणून कुणी माझ्याकडं येत न्हाई. कुणी तसं म्हणत बी न्हाई.

आता हप्त्याचं. लोकास्नी वाटतंय दोन नंबरवालाच हप्ता देतो. तसं न्हाई. २०२० च्या सप्टेंबरात सरकारनं सुटी सिगारेट, सुटी बिडी विकायला बंदी घातली. पण मार्केट यार्डातला हमाल आक्खं पाकीट कधी घेणार? तो एकच मागतो. म्हंजे मी बी गुन्हेगार. टपरी गटारीच्या कडंला, म्हंजे अतिक्रमण. जवळ शाळा हाय, मोजलं तर १०० यार्डाच्या आत का भाईर त्येचा वाद. येवढी कारणं असल्यावर कुणीबी येऊन दरडावतंय. चोरीचा माल विकणाऱ्याचा हप्ता मोठा, पर त्येला तो परवडतो. माझा बारका, आणि मला तोच जड जातो. हे कुणी तरी लिवायला पायजे हुतं म्हणून लिवलं.

---

सुहास वि.

दादा, सलाम तुम्हाला. पत्ता कळवा, आमच्या ऑफिसातले सगळे तुमच्याकडे येऊ.

---

स्पष्ट बोलतो (सातारा)

सगळे भावनेनं लिहिताय, पण मूळ कारण कुणी बोलत नाही. सिगारेटवर २०१७ ला जीएसटी आला तेव्हाच २८ टक्के आणि वर भरपाई उपकर होता, शिवाय अबकारी. नंतर भार वाढतच गेला. कायदेशीर माल एवढा महाग केलात की चोरटा येणारच. पाणी उताराकडे जाणार. कर निम्म्यावर आणा, तस्कर आपोआप घरी बसतील आणि त्यांच्याबरोबर हप्तेबाजही. लोकांना नैतिकतेचे धडे देऊन काही होत नाही. स्वस्त मिळतं ते माणूस घेतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

---

इतिहास शिक्षक कराड

‘स्पष्ट बोलतो’ यांच्या मुद्द्याला उत्तर देतो. हा प्रयोग जगात झालेला आहे, त्यामुळे अंदाजानं बोलायची गरज नाही.

कॅनडात १९९० च्या सुमारास सिगारेटवर कर वाढला आणि तस्करी बोकाळली. सिगारेटी अमेरिकेला निर्यात म्हणून जायच्या आणि सीमेवरून चोरून परत यायच्या. सरकारनं घाबरून फेब्रुवारी १९९४ मध्ये कर एकदम उतरवला. सिगारेट स्वस्त झाल्यावर तरुण पोरांत ओढणारे वाढले आणि तिजोरीही रिकामी झाली. मग २००८ मध्ये तिथल्या दोन बड्या तंबाखू कंपन्यांनी त्या चोरट्या व्यापारात आपला हात होता हे न्यायालयात कबूल केलं. दंड आणि तडजोडीपोटी मिळून शंभर कोटी डॉलरच्या वर भरले. म्हणजे ‘कर जास्त म्हणून तस्करी होते’ असं सांगत होते त्यांच्याच गोदामातून माल जात होता.

स्पेनमध्ये १९९५ च्या सुमारास चोरट्या सिगारेटींचा वाटा सुमारे १५ टक्के होता. चारेक वर्षांत तो ५ टक्क्यांच्या आसपास आला, आणि तो कर न उतरवता आला. शेजारच्या अँडोरातून येणारी वाट बंद केली, तपास यंत्रणा आणि गुप्तवार्ता सुधारली. ब्रिटनमध्ये सिगारेट युरोपातल्या सगळ्यात महागांपैकी. तिथे २००० साली पाचवा हिस्सा बाजार चोरट्या मालाचा होता. त्यांनी कर वाढवत नेला आणि सोबत बंदरांवर स्कॅनर, माणसं, कडक शिक्षा वाढवल्या. पुढच्या दहा-बारा वर्षांत तो वाटा निम्म्यावर आला. नॉर्वे, स्वीडन महागडे, पण तिथे तस्करी कमी. इटली, स्पेन त्या काळी स्वस्त, तरी तिथे जास्त. जागतिक बँकेसाठी काम करणाऱ्या अर्थतज्ज्ञांनी २००० साली देशोदेशींचे आकडे मांडले तेव्हा हेच दिसलं, की तस्करीचा अंदाज किमतीवरून जितका बांधता येतो त्याहून जास्त त्या देशातल्या भ्रष्टाचारावरून बांधता येतो.

आता लोकांच्या दृष्टिकोनाबद्दल. इटलीतल्या नेपल्समध्ये अनेक वर्षं चोरटी सिगारेट ही गरिबाची रोजीरोटी मानली जायची. बायका रस्त्यावर स्टुलावर पाकिटं मांडून विकायच्या, पोलीस शेजारून जायचे, कुणाला काही वाटायचं नाही. १९९० च्या दशकात मॉन्टेनेग्रोच्या किनाऱ्यावरून वेगवान बोटी रात्री समुद्र ओलांडून बारी-ब्रिंडिसीच्या बाजूला लागायच्या. टोळ्या मोठ्या झाल्या, त्यांच्याकडे चिलखती गाड्या आल्या. फेब्रुवारी २००० मध्ये ब्रिंडिसीजवळ अशाच एका गाडीनं धडक देऊन वित्त पोलीस दलाचे दोन जवान ठार केले. तेव्हा कुठे देश खडबडून जागा झाला आणि तिथे मोठी मोहीम उघडावी लागली.

इटली लांब वाटत असेल तर आपल्या कोकणात या. फेब्रुवारी १९९३ मध्ये रायगड जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं. त्या किनाऱ्यावर चांदी-सोनं उतरायची जुनी पद्धत होती आणि कस्टम-पोलिसांतल्या काहींचे दर ठरलेले होते. नेहमीचा माल समजून पैसे घेतले, ट्रक सोडले. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. पुढे टाडा न्यायालयानं त्या कस्टम अधिकाऱ्यांना आणि पोलिसांना दोषी ठरवून शिक्षा केली. पैसे घेऊन डोळे मिटणारा माणूस खोक्यात काय आहे ते उघडून बघत नाही. ‘सिगारेटच तर आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

---

मिरज जंक्शन

सर, शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला. आमच्या इथल्या पोरांना १९९३ म्हणजे जन्माआधीची गोष्ट वाटते.

---

विट्याचा गलाईवाला (सध्या गुवाहाटी)

नमस्कार मंडळी. खानापूर-आटपाडीकडची आम्ही गलाईची माणसं देशभर पसरलेली आहोत, सोन्या-चांदीच्या भट्ट्यांवर. मी इकडे ईशान्येत आहे.

तुम्ही ज्या पाकिटांबद्दल लिहिताय त्यांचा एक मोठा रस्ता इकडून जातो. म्यानमारची सरहद्द उघडी, डोंगर आणि जंगल. मिझोरामात चंफाईच्या बाजूला आसाम रायफल्सवाले परदेशी सिगारेटींची खोकी पकडतात, सुपारीही पकडतात. तिथून सिल्चर, गुवाहाटी, सिलिगुडी आणि पुढे सगळीकडे. सिगारेट हलकी असते, तिचा वास येत नाही, पकडली तरी लोकांना धक्का बसत नाही. शिक्षा आहे कस्टम कायद्यात, मोठ्या रकमेला सात वर्षांपर्यंत. पण सापडतो तो ड्रायव्हर. मालक कोण हे ड्रायव्हरलाही माहीत नसतं.

सातारच्या मित्राच्या बाजूनंही एक गोष्ट सांगतो, कारण ती खरी आहे. जुलै २०२४ मध्ये सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आलं आणि चोरट्या सोन्यातला नफा एका दिवसात खाली आला. धंद्यातल्या आम्हा सगळ्यांना ते जाणवलं. त्यामुळे कराचा आणि तस्करीचा काही संबंधच नाही असं म्हणू नका. फरक एवढा की सोनं स्वस्त झालं तर कुणाच्या घशाला कॅन्सर होत नाही. सिगारेट स्वस्त करून तस्करी थांबवायची म्हणजे पोरांच्या जिवावर बचत करायची.

आणखी एक. आमच्या माणसांना परगावी प्रामाणिक राहायचं फार अवघड जातं. अनोळखी मुलूख, भाषा वेगळी, धंदा सोन्याचा. कोण खरेदीची पावती मागतं, कोण मागत नाही, यावरून बाजारात माणसाची किंमत ठरते. पावती मागणाऱ्याला आधी हसतात. पण अडचणीच्या वेळी त्याच्याच दुकानात येऊन बसतात.

---

डॉ. मिरज ओपीडी

थोडक्यात लिहिते, ड्यूटीवर आहे.

कृपा करून ‘कायदेशीर सिगारेट चांगली, चोरटी वाईट’ असा सूर लागू देऊ नका. दोन्ही मारतात. तोंड न उघडणारे पंचविशी-तिशीचे रुग्ण रोज येतात, बोटभर सुद्धा तोंड उघडत नाही, आणि त्यातले बहुतेक माव्याचे. चोरट्या सिगारेटचा वेगळा धोका असा की तिच्यावर चित्र नाही, इशारा नाही, आणि ती सुटी विकली जाते. पोरगं पहिल्यांदा हातात घेतं तेव्हा त्याला अडवणारी एकही गोष्ट समोर नसते. हप्त्यानं आपण ती चित्रं पुसून घेतोय, एवढं लक्षात घ्या.

---

सुमन वाळवेकर

मी सिगारेटबद्दल बोलणार नाही, घराबद्दल बोलणार आहे. भ्रष्टाचार टपरीवर किंवा नाक्यावर सुरू होत नाही, आपल्या बैठकीच्या खोलीत सुरू होतो.

मुलीची स्थळं बघताना काय विचारतात ते सगळ्यांना माहीत आहे. ‘मुलगा कुठल्या खात्यात?’ खात्याचं नाव ऐकलं की चेहरे उजळतात. मग कुणीतरी मावशी हळूच विचारते, ‘वरचं किती पडतं?’ पगार कुणी विचारत नाही, तो सगळ्यांना पाठ असतो. शिक्षक मुलगा असला तर ‘बरं आहे, पण...’ आणि ज्या खात्यात वरकमाई आहे तिथला मुलगा दिसायला कसाही असू दे, बैठक पुढे सरकते. मग तोच जावई पाच वर्षांत गावाकडे बंगला बांधतो, वास्तुशांतीला आपण सगळे जेवून येतो, आणि गाडीत बसल्यावर म्हणतो, किती कर्तबगार आहे बघा.

माझ्या भाचीनं असं स्थळ नाकारलं. तोंडावर म्हणाली, ‘याच्या पगारात हे घर बसत नाही.’ घरात पंधरा दिवस अबोला होता. मोठ्यांचं म्हणणं, पोरगी शहाणपणा शिकवायला लागली. मला तिचा फार अभिमान वाटतो आणि तो मी इथे उघडपणे लिहिते आहे. कुंडल, वाळवा, येडेमच्छिंद्र ही आपली गावं. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं याच मुलखात न्यायदान मंडळं चालवली, गुंडांना आणि जुलमी सावकारांना जरब बसवली. इंग्रजांच्या अंमलात आपल्या आज्या-आजोबांना जमलं ते. आणि आपण स्वतःच्या राज्यात वरकमाई बघून पोरी देतो?

---

निवृत्त कर्मचारी

सुमनताई, तुमच्या लिहिण्यानं मला बोलायला भाग पाडलं.

मी एका सरकारी खात्यात होतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळ्यासाठी पंच म्हणून दुसऱ्या खात्यातले कर्मचारी बोलावतो, तसं एकदा मला बोलावणं आलं. सापळा कसा असतो ते लोकांना बातमीच्या चार ओळींतून कळत नाही, म्हणून सांगतो.

तक्रारदार शेतकरी होता. वडील वारले, सातबाऱ्यावर वारसनोंद करायची होती, त्यासाठी पैसे मागितले होते. आधी पडताळणी झाली. म्हणजे तक्रारदाराच्या खिशात आवाज टिपणारं यंत्र ठेवून त्याला साहेबाकडे पाठवलं आणि खरंच मागणी होते का हे पंचासमोर तपासलं. मागणी झाली. मग नोटांचे नंबर एकेक करून पंचनाम्यात लिहिले. नोटांवर अँथ्रासिनची पावडर लावली, साध्या डोळ्यांना ती दिसतही नाही. शेतकऱ्याला बजावलं की मागितल्याशिवाय नोटा काढायच्या नाहीत, त्यांना मध्येच हात लावायचा नाही, साहेबाशी हस्तांदोलन करायचं नाही. पैसे घेतले की बाहेर येऊन डोक्यावरची टोपी काढायची, ही खूण. त्या माणसाचे हात इतके थरथरत होते की नोटा त्याच्या खिशात विभागाच्या माणसानं ठेवल्या. मी त्याच्याबरोबर आत गेलो, नातेवाईक म्हणून.

पैसे घेतले गेले. टोपी निघाली. माणसं आत आली, दारं-खिडक्या लावल्या, अतिनील दिवा पेटवला. साहेबाच्या उजव्या हाताची बोटं आणि ड्रॉवरची कड निळसर चमकत होती. तक्रारदाराच्या खिशाची शिवणही चमकत होती. खोलीत कुणी बोलत नव्हतं.

मला जास्त लक्षात राहिलंय ते पुढचं. दुसऱ्या दिवशी आमच्याच ऑफिसात लोक हळहळत होते. कुणासाठी? साहेबासाठी. ‘बिचाऱ्याची पोरं लहान आहेत. एवढ्याशा रकमेसाठी संसार मोडला.’ शेतकऱ्याच्या गावात त्याच्याबद्दल बोललं गेलं की हा माणूस धोकादायक आहे, याच्याशी व्यवहार जपून करा. पुढे त्याचं कुठलंच काम कुठल्याच टेबलावर लवकर झालं नाही. खटल्याची साक्ष द्यायला मला बोलावणं आलं तोवर बरीच वर्षं उलटली होती, आणि कोर्टाच्या आवारात एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, ‘आता एवढं काय आठवणार तुम्हाला?’ मी म्हणालो, सगळं आठवतंय. शिक्षा झाली. त्या शेतकऱ्याला कुणी हार घातला नाही.

टपरीवरचं पाकीट आणि हे यांचा संबंध मला दिसतो. खाणाऱ्याबद्दल आपल्या मनात जागा आहे. तक्रार करणाऱ्याबद्दल नाही.

---

एमपीएससी २ वर्षं

सर, तुमची पोस्ट आमच्या अभ्यासिकेत मोठ्यानं वाचली. सगळे गप्प.

एक माहिती जोडतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा, त्यात २०१८ ला दुरुस्ती झाली. आता लाच देणंही गुन्हा आहे. मात्र जबरदस्तीनं द्यावी लागली असेल आणि ७ दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर देणाऱ्याला संरक्षण आहे. हे फार कमी लोकांना माहीत आहे. आधीच तक्रार केली तर सापळा लावता येतो, महाराष्ट्रात त्यासाठी १०६४ नंबर आहे.

मनातलं सांगू का? आम्ही इथे दहा-बारा तास अभ्यास करतो. घरचे म्हणतात पोस्ट निघाली की सगळं वसूल होईल. ‘वसूल’ ऐकलं की मला कसंसंच होतं. नोकरी लागायच्या आधीच आमच्याकडून काय अपेक्षा आहे ते ठरलेलं असतं.

---

दुष्काळी जत

सगळं वाचलं. तुम्ही शहरातली माणसं कायदा सांगता, आम्ही रांगेत उभे असतो. टँकरच्या खेपा, विमा, अनुदान, कुठल्याही कागदावर सही हवी. तक्रार करायची म्हटलं तर सांगलीला जायला शंभर किलोमीटरच्या आसपास. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी. पाचशे देऊन काम होत असेल तर गरीब माणूस देणार. त्याला आणि पैशाच्या गुर्मीत फॉरेनची सिगारेट ओढणाऱ्याला एकाच माळेत ओवू नका.

---

कृष्णाकाठ (सांगली), धागाकर्ता

‘दुष्काळी जत’, तुमचं म्हणणं मी शंभर टक्के मानतो, आणि तोच फरक या धाग्याच्या मुळाशी आहे. अडलेला माणूस देतो ते खंडणीसारखं असतं. त्याच्याकडून पर्याय काढून घेतलेला असतो. चोरटं पाकीट घेणाऱ्याला कुणी अडवलेलं नाही. त्याला पर्याय आहे, पैसा आहे, वेळ आहे. तरी तो त्याच साखळीला पैसा पुरवतो आणि वर म्हणतो यात कुणाचं काय जातंय. कुपवाडच्या दादांचं गिऱ्हाईक गेलं. जतच्या माणसाचे पाचशे गेले, कारण पैसे घेतल्याशिवाय सही करायची नाही ही सवय अशाच हप्त्यांवर पोसली गेली. डॉक्टरांच्या ओपीडीतल्या पोराचं तोंड गेलं. ‘कुणाचं काय जातंय’ याचं उत्तर याच धाग्यात माणसांनी स्वतः येऊन दिलंय.

२०११ च्या ऑगस्टमध्ये अण्णांच्या उपोषणाच्या वेळी आपण सगळे टोप्या घालून रस्त्यावर होतो. तो राग खरा होता, मी त्याला खोटं म्हणणार नाही. पण तो वर बघणारा राग होता, दिल्लीकडे. लोकपालचा कायदा २०१३ मध्ये आलाही. आपल्या गल्लीतल्या नाक्याकडे बघायचं राहूनच गेलं.

मला वाटतं दोन-तीन गोष्टी लगेच करता येतील. तंबाखूविरोधी कायदा २००३ चा आहे. त्यात शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत विक्रीला बंदी आहे, १८ वर्षांखालच्याला विकायला बंदी आहे. तो फलक लावायची जबाबदारी संस्थेचीही आहे. आपापल्या पोरांच्या शाळेत पालक म्हणून जाऊन विचारा, फलक कुठे आहे, मोजणी कुणी केली. इशारा-चित्र नसलेलं पाकीट विकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्यासाठी तक्रार करता येते. आणि टपरीवाल्यांवर सरसकट कारवाईची मागणी करू नका. नाहीतर कुपवाडच्या दादांसारखी माणसं आधी भरडली जातील, आणि मोटरसायकलवरचा सॅकवाला दुसऱ्या गल्लीत जाईल. तक्रार मालाच्या पुरवठ्याची करा, कुठून येतो ते शोधायला लावा.

---

स्पष्ट बोलतो (सातारा)

कॅनडाचं वाचलं, आणखी शोधून वाचलं. कराचा मुद्दा मी पूर्ण सोडत नाही, गलाईवाल्यांनी सोन्याचं सांगितलं ते बरोबरच आहे. पण कर उतरवला की हप्ता बंद होईल हे म्हणणं टिकत नाही. जो सिगारेटवर घेतो तो वाळूवर घेईल. साताऱ्यात आमच्या मुलीच्या शाळेजवळची मोजणी मी करायला लावतो.

---

पानपट्टी कुपवाड

आमच्या बाजूच्या शाळंजवळ मोजणी करा. माझी टपरी आत आली तर मी हलवतो, पर पलीकडची बी मोजा. सारखं मोजा. अर्जावर माझं नाव नगं, मला रोज तिथंच बसायचंय. बोलवलं तर बोलाया येतो.

---

सुमन वाळवेकर

दादा, तुमचं नाव येणार नाही. अर्ज पालकांच्या सह्यांचा करू. मी मसुदा टाइप करते, सगळ्यांनी आपापल्या शाळेचं नाव घालून वापरावा. पाकिटाचा फोटो कुणाकडे असेल तर जोडायला द्या, विकणाऱ्याचा चेहरा न दिसणारा.

---

निवृत्त कर्मचारी

अर्ज दोन प्रतींत न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. ‘ठेवून जा, साहेब बघतील’ म्हणाले तर तिथेच बसून राहा. काही दिवसांनी त्याच आवक क्रमांकावर माहिती अधिकारात विचारा की अर्जावर काय कार्यवाही झाली. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज कसा लिहायचा ते मला विचारा, मी दुपारी मोकळा असतो.